परमुलखातला पैसा आणि आपला हिशेब



अलीकडे आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. कोणी ऊसशेती पाहायला थायलंडला जातो, कोणी लेकाकडे दुबईला जातो, तर कोणी पशुपतिनाथाच्या दर्शनाला काठमांडूला जातो. निघताना पासपोर्ट, औषधे, चटणी-भाकरी यांची काळजी सगळे घेतात. पैशाचा हिशेब मात्र “तिथं गेल्यावर बघू” म्हणून सोडून देतात आणि नेमके तिथेच ठेच लागते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले.

सुरुवात एका खऱ्या गोष्टीने करतो. आम्ही काही सभासद थायलंडमधला ऊस पाहून आलो. परतल्यावर आठ दिवसांत गावोगावी पारावर एकच चर्चा सुरू झाली, “तिकडं तर टनाला बाराशेच मिळतात, आणि उतारा रानाला दहा टन. आपलंच बरं आहे!” आता हे दोन्ही आकडे आमच्याच एका सोबत्याने सांगितलेले होते, आणि दोन्ही त्याने ऐकले तसेच सांगितले होते. चूक एवढीच, की बाराशे हे रुपये नव्हते, बाथ होते. आणि दहा टन एकरी नव्हते, ‘राय’ला होते. राय हे तिथले जमिनीचे माप. एक राय म्हणजे १६०० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने सुमारे १६ गुंठे. म्हणजे अडीच राय मिळून एक एकर. दहाची अडीचकी पंचवीस. तेव्हा तो उतारा एकरी २५ टन झाला. आणि बाथाचा दर समजा पावणेतीन रुपये धरला, तर बाराशे बाथ म्हणजे ३३०० रुपये! कुठे बाराशे आणि कुठे तेहतीसशे?

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. असल्या आकड्यांवर उद्या वार्षिक सभेत कोणी प्रश्न विचारील, कोणी यंत्र घ्यायचा विचार करील, कोणी बेणे बदलायचा निर्णय घेईल. दौऱ्याला गेलेला माणूस हा मागे राहिलेल्या शेकडो सभासदांचा डोळा असतो. डोळाच तिरळा झाला तर काय दिसणार?

हिशेब आपल्याला नवा नाही

आधी एक भीती काढून टाकू. “परकीय चलन” म्हटले की आपला माणूस दबतो. पण आपण जन्मभर हेच करत आलो आहोत. ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरचे हेक्टर, क्विंटलचा टन, मणाचे किलो. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी तर १ एप्रिल १९५७ ला रुपयाच बदललेला पाहिला. १६ आण्यांचा रुपया होता तो १०० नव्या पैशांचा झाला. तेव्हा आठवड्याच्या बाजारात बायामाणसे उभ्या उभ्या हिशेब करायची, की एक आणा म्हणजे सहा पैसे, चार आणे म्हणजे पंचवीस. कोणाकडे यंत्र नव्हते. विनिमयाचा दर म्हणजे याहून वेगळे काही नाही.

आणि जुन्या शाळेत घोकलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी इथे अशी उपयोगी पडते, की नातवाच्या मोबाइलच्या आधी आजोबांचे उत्तर येते. कसे ते बघा.

नेपाळ: दहा आण्यांचा रुपया

नेपाळचा रुपया आपल्या रुपयाशी बांधलेला आहे. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांना त्यांचे १६० असा दर चालत आला आहे. आता १६० चे १००, म्हणजेच १६ चे १०. म्हणजे नेपाळी रुपया हा आपले बरोबर दहा आणे! हिशेब तोंडी: किंमत निम्मी करा (आठ आणे), तिच्यात त्या निम्म्याचा पाव मिळवा (दोन आणे). दुकानदार ८०० म्हणाला, तर निम्मे ४००, त्याचा पाव १००, झाले आपले ५००.

मात्र तिथे भाव विचारताना “नेपाळी की भारतीय?” हे पहिल्यांदा विचारावे. दोन्हीकडे शब्द ‘रुपया’च. ८०० नेपाळी सांगितलेल्या वस्तूला आपण आपले ८०० देऊन मोकळे झालो, तर तीनशेला बुडालो. नेपाळला जाताना शंभराच्या व त्याखालच्या नोटा जवळ ठेवणे केव्हाही सोयीचे. २०१८ साली नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांना मनाई केली होती, तेव्हा अनेक यात्रेकरूंची अडचण झाली. भूतानचे चलन तर आपल्या रुपयाच्या बरोबरीचेच आहे, तिथे हिशेबाचा प्रश्नच नाही.

बाकीच्या देशांचे दर

इतर चलनांचे दर रोज खालीवर होतात. म्हणून खालचे आकडे उदाहरणापुरते समजावेत. निघण्याच्या दिवशीचा दर विचारून आपला आकडा आपण बसवावा. रीत मात्र तीच.

बाथ: दर पावणेतीन धरला, तर अडीचकी करावी आणि वर पाव मिळवावा. २४० बाथ: अडीचकी ६००, पाव ६०, एकूण ६६० रुपये.

दिरहम: दर २५ च्या जवळपास असेल, तर शंभरपट करून चौथा हिस्सा घ्यावा. ६० दिरहम: ६००० चा चौथा हिस्सा १५००.

डॉलर: दर ९० धरला, तर शंभरपट करून दहावा हिस्सा वजा करावा. ३७ डॉलर: ३७०० वजा ३७०, राहिले ३३३०.

व्हिएतनामचा डाँग: इथे माणूस घाबरतो, कारण चहाचेसुद्धा हजारोंनी मोजतात. घाबरू नये. शेवटची तीन शून्ये बोटाने झाकावीत आणि उरलेल्याची औटकी करावी, म्हणजे साडेतीनपट. ४०,००० डाँगचे ४०, त्याची औटकी १४०. सुमारे १४० रुपये झाले.

पाच-दहा रुपये इकडे तिकडे होतील, होऊ द्या. बाजारात उभे राहून पैशापर्यंत हिशेब लागत नाही. वस्तू महाग की स्वस्त, एवढे कळले म्हणजे पुरे. फक्त एक नियम ठेवावा. खर्चाचा अंदाज करताना आकडा वर ओढावा, म्हणजे शेवटच्या दिवशी खिसा रिकामा सापडत नाही.

ज्यांना तोंडी हिशेब नको, त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तिथल्या नोटा लिहून समोर रुपये मांडावेत आणि तो पुठ्ठा वरच्या खिशात ठेवावा. थायलंडच्या नोटा रंगाने ओळखता येतात: २० ची हिरवी, ५० ची निळी, १०० ची लाल, ५०० ची जांभळी, १००० ची तपकिरी. पावणेतीनच्या दराने समोर लिहायचे: ५५, १३८, २७५, १३७५, २७५०. आमच्या गटातल्या एका मावशींनी असा पुठ्ठा केला होता. साऱ्या दौऱ्यात त्या एकट्याच कुठे फसल्या नाहीत.

पैसे बदलताना

गुळाच्या बाजारात व्यापाऱ्याचा घ्यायचा भाव वेगळा आणि विकायचा वेगळा, हे आपल्याला माहीत आहे. चलनाचेही तसेच. फळ्यावर दोन दर असतात. परकीय चलन तो आपल्याला विकतो तो चढा, आपल्याकडून परत घेतो तो उतरता. मधला फरक ही त्याची कमाई. त्यातून “आमच्याकडे कमिशन नाही” अशी पाटी दिसली की भुलू नये, कमिशन दरातच मुरलेले असते. विचारायचा प्रश्न एकच, “सगळा खर्च धरून मला हजार बाथ घ्यायला हातचे किती रुपये मोजावे लागतील?” दोन-तीन ठिकाणी हाच प्रश्न विचारावा, उत्तर आपोआप मिळते. विमानतळावरचा दर बहुधा पडेल असतो. तिथे टॅक्सीपुरते बदलावे, बाकीचे शहरात.

आता कार्डाविषयी. आमचीच फजिती सांगतो. एका हॉटेलचे बिल देताना कारकुनाने यंत्र पुढे केले. त्यावर विचारले होते, पैसे रुपयांत कापू की बाथांत? आम्हांला वाटले, रुपये आपले, समजायला सोपे, म्हणून रुपयांवर बोट ठेवले. खोलीवर येऊन हिशेब केला तर शंभराला पाच रुपये जादा गेलेले! रुपये निवडले की दर दुकानाच्या यंत्रामागची मंडळी ठरवतात आणि त्यात आपला नफा घालतात. तिथले चलन निवडले की दर आपल्या कार्डाच्या व्यवस्थेचा लागतो, तो सहसा बरा पडतो. म्हणून परदेशात यंत्राने विचारले, की ज्या देशात उभे आहोत त्याच देशाचे चलन निवडावे. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी हा लेख वाचल्याचे सार्थक झाले.

थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाने पैसे काढले, की दर खेपेला दोनशे बाथांच्या वर शुल्क पडते. मग हजार काढा की दहा हजार. तेव्हा रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच बेताने काढावे. आणि आपल्या कार्डावर परदेशी वापर बहुधा बंद असतो, तो निघण्याआधी बँकेतून चालू करून घ्यावा. बँका आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासी कार्डही देतात. त्यात दर आधीच ठरून जातो, हा फायदा.

कायद्याची बाजू

एके काळी, १९७३ च्या फेरा कायद्याच्या दिवसांत, परकीय चलन मिळवणे फार जिकिरीचे होते. १९९९ चा फेमा कायदा १ जून २००० पासून लागू झाला आणि पुष्कळ सोपे झाले. तरी काही मर्यादा पाळाव्याच लागतात. रोख परकीय नोटा एका प्रवासाला ३००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात (मोजक्या देशांना वेगळा नियम आहे), बाकीचे कार्डावर. आपले रुपये २५,००० पर्यंत सोबत ठेवता येतात. परत आल्यावर २००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, वरच्या १८० दिवसांच्या आत बँकेत परत कराव्यात.

चलन घ्यायचे ते रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडूनच, आणि पावती घेऊनच. “माझ्याकडं पडलेत थोडे डॉलर, स्वस्तात देतो” असे म्हणणारा पाहुणा प्रत्येक गावात एक तरी असतो. त्याच्या नादी लागू नये. नोट खोटी निघाली तर तक्रार कोणाकडे करणार? आणि खरी निघाली तरी पावतीवाचून आपणच गुन्हेगार. परत येताना नाणी मात्र तिथेच संपवून यावीत, इकडे ती सहसा कोणी बदलून देत नाही.

आकडा आणताना तीन रकाने

शेवटी पहिल्या मुद्द्याकडे येतो. पुढच्या दौऱ्याला जाणाऱ्या प्रत्येक सभासदाने एक वही न्यावी आणि पानावर तीन रकाने आखावेत: ऐकलेला आकडा, त्याचे चलन व माप, आणि आपल्या रुपयांत-एकरांत होणारा आकडा. पानाच्या माथ्यावर त्या दिवसाचा दर लिहावा.

आणि तरीही तुलना करताना दमाने घ्यावे. थायलंडमध्ये उसाचा भाव गोडीवर ठरतो. १० सीसीएसला एक भाव आणि वरच्या प्रत्येक अंशाला वाढ. आपल्याकडे २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये ठरली. सीसीएस आणि उतारा ही मापे एक नव्हेत. तोडणी-वाहतूक कोणाच्या अंगावर, हेही विचारायला हवे. त्या बाराशे बाथांचे तेहतीसशे रुपये झाले, म्हणजे हिशेब संपला असे नाही. तिथून तो कुठे सुरू होतो.

त्या सोबत्याला आम्ही हे सगळे सांगितले तेव्हा तो भला माणूस दुसऱ्याच दिवशी पारावर जाऊन म्हणाला, “गड्यांनो, माझा आकडा चुकला होता, बाथाचे रुपये करायचे राहिले.” चूक कबूल करायला मोठे मन लागते. पण ती होऊच नये, यासाठी पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि अडीचकी पुरते.

आपला प्रवास सुखाचा होवो. कळावे.