ताई, अजून किती घडायचं आम्ही?



'संकटातून माणूस घडतो' हे वाक्य आपल्या मंडळ्यांत सगळ्यांच्या तोंडी असते. आजाऱ्याला भेटायला गेलो की आपण ते म्हणतो, अंत्यविधीच्या घरी म्हणतो, परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही म्हणतो. मीही वर्षानुवर्षे म्हणत आले. पण काही वर्षांपूर्वी याच वाक्याने मी एका आईला दुखावले. तेव्हापासून या वाक्यात खरे किती आणि आपण सवयीने बोलतो ते किती, याचा मी विचार करते आहे. तोच या लेखात मांडते.

आमच्या कामाच्या भागात, भांडगावपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, पारधी कुटुंबांची एक लहानशी वस्ती आहे. तिथल्या एका विधवा आईची मुलगी दहावी पास झाली. त्या वस्तीतून दहावी झालेली ती पहिली मुलगी. पुढे शिकण्यासाठी वसतिगृहात प्रवेश हवा होता आणि त्यासाठी जातीचा दाखला. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडतो, पण ते सिद्ध करायला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांना गावात राहूच दिले जात नव्हते, त्यांनी तो कुठून आणायचा? ती आई मजुरी बुडवून एका कार्यालयात तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा 'कागद आणा' एवढेच उत्तर मिळाले. प्रवेशाची मुदत संपली.

मी त्या दुपारी वस्तीवर गेले तेव्हा स्वतःही दमले होते. काय बोलावे सुचेना. मग तोंडात आले ते बोलले, "देव परीक्षा घेतोय, बाई. यातून तुम्ही घडाल."

ती पालाच्या दारात बसून चिंध्यांची गोधडी शिवत होती. तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता. म्हणाली, "ताई, अजून किती घडायचं आम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. परतीच्या एसटीत बसल्यावर मला ईयोबाचे तीन मित्र आठवले. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहिले (ईयोब २:१३). त्यांनी केलेले तेवढेच काम चांगले होते. तोंड उघडल्यावर त्यांनी ईयोबाचे दुःख वाढवले. त्या दिवशी मीही त्यांच्यातलीच एक झाले होते.

पौल नेमके काय सांगतो?

आपण ज्या शास्त्रभागाचा आधार घेतो तो म्हणजे रोमकरांस पत्र ५:३-५. तिथे पौल एक साखळी सांगतो. संकटातून धीर येतो, धीरातून शील आणि शीलातून आशा. ही साखळी नीट उलगडून पाहू.

'संकट' यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'थ्लिप्सिस'. त्याच्या मुळाशी दाबणे, चेपणे हा अर्थ आहे. 'धीर' यासाठी 'हुपोमोने', म्हणजे ओझ्याखाली पळून न जाता टिकून राहणे. आणि 'शील' यासाठी 'डोकिमे'. हा शब्द पारखून खरे ठरलेल्या गोष्टीसाठी वापरतात. सोनार आगीत सोने पारखतो, तसे.

आपल्या दौंड तालुक्यातल्या वाचकांना हे समजायला सोनाराकडेही जायला नको. हिवाळ्यात रस्त्याने जाताना गुऱ्हाळाचा वास येतो. तिथे जरा थांबून पाहा. ऊस चरकात चेपला जातो, रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडे पेटतात. रस उकळू लागला की घाण फेसाबरोबर वर येते. गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घालतो आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढत राहतो. शेवटी पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो. त्याची गोळी झाली, तर पाक तयार.

आता समजा, गुळव्या काहील सोडून घरी निघून गेला. आग तीच, रस तोच. पण गूळ होईल का? रस उतू जाईल किंवा तळाला लागून करपेल. गूळ होतो तो आगीमुळे, पण नुसत्या आगीमुळे नाही. कोणीतरी शेजारी उभे राहून मळी काढते, आच कमीजास्त करते, म्हणून होतो.

पौलाची साखळीही अशीच आहे. आपण बहुतेक वेळा चौथ्या वचनापाशी थांबतो. पाचव्या वचनात तो सांगतो की ही आशा आपल्याला फसवत नाही, कारण पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतलेली आहे. म्हणजे संकट एकटे कोणालाच घडवत नाही. संकटात जी प्रीती शेजारी उभी राहते, ती घडवते. आणि ती प्रीती बहुतेक वेळा माणसांच्या हातांनी येते. म्हणूनच तोच पौल गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहायला सांगतो (गलती. ६:२).

केडगावची साक्ष

भांडगावहून सोलापूरच्या दिशेने निघालो आणि चौफुल्याला डावीकडे वळलो की थोड्याच अंतरावर केडगाव येते. तिथले मुक्ती मिशन आपणा सर्वांना माहीत आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपण आदराने घेतो. पण त्यांचे आयुष्य सांगताना आपण एक घाई करतो. 'एवढे दुःख सोसले म्हणून त्या थोर झाल्या' असे म्हणून मोकळे होतो.

त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी तसे सांगत नाहीत. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आधी वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग आई लक्ष्मीबाई, पुढे थोरली बहीण. एका वेळी तर कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानटी खजुरावर काढले. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. उंची कमी असल्यामुळे रमाबाईंना आपल्या वाट्याचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर त्या आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, त्यात उतरून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि अंगावर वाळू ओढून घेतली.

त्या वर्षांनी त्यांना लगेच मोठे केले नाही. लहानपणापासूनची श्रद्धा त्या काळात त्यांच्या मनातून सुटत गेली, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे.

मग त्या टिकल्या कशा? आईने प्रवासातही पहाटे उठवून त्यांना संस्कृत शिकवले होते. ती विद्या सोबत होती. भाऊ शेजारी चालत होता. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा सन्मान केला. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज येथील भगिनींनी त्यांना आसरा दिला आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक वळणावर काहिलीजवळ कोणीतरी उभे होते.

पाक तयार झाला की नाही, हे दिसले १८९६-९७ मध्ये. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले आणि रमाबाईंना आपल्या तरुणपणातला दुष्काळ आठवला. ती आठवण नको म्हणून त्या दूर राहू शकल्या असत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे कठीण झाले, तेव्हा केडगावला शारदा सदनासाठी घेतलेली फळबागेची जमीन उपयोगी पडली. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदनाची स्थापना झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुली व स्त्रियांची संख्या २,००० च्या घरात गेली.

रमाबाईंनी त्यांना 'दुःखाने तुम्ही घडाल' असे सांगून सोडून दिले नाही. अन्न दिले, औषध दिले, अक्षर शिकवले आणि हाताला काम दिले. विणकाम, छपाई, तेलघाणा, शेती. अंध मुलींसाठीही शिक्षणाची सोय झाली. तरीही दुष्काळातून आलेल्या सगळ्याच जणी वाचल्या नाहीत. ते दुःख त्यांनी सोसले, त्याला गोड नाव दिले नाही.

पुढे साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून हाती घेतले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ऐकू कमी येत होते, शरीर थकले होते, तरी काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तीतल्या स्त्रियांनीच आपल्या छापखान्यात ते बायबल छापले.

मला यात शीलाची खूण दिसते. आपल्या दुःखाचा उपयोग जो दुसऱ्याचे दुःख ओळखायला करतो, तो पारखून खरा ठरला. ज्याचे दुःख फक्त कडूपणा किंवा स्वतःचे कौतुक एवढेच उरवते, त्याचा पाक अजून झालेला नाही. त्याला दोष देऊ नये. त्याच्याजवळ कोणी थांबले होते का, हे आधी विचारावे.

त्या वस्तीवर पुढे काय झाले

मी आठवड्याने परत गेले. आधी क्षमा मागितली. मग आम्ही कागद शोधायला लागलो. तलाठ्याकडच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुक, वडिलांकडच्या नातेवाइकांची शाळा. काही नोंदी मोडी लिपीत होत्या. मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी डोळ्यांचे ऑपरेशन झालेले असतानाही भिंग घेऊन त्या वाचल्या. सात महिन्यांनी मुलीच्या चुलत आजोबांची नोंद एका जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडली. दाखला मिळाला.

पण मुलीचे एक वर्ष गेले. ते वर्ष तिने आईबरोबर उसाच्या फडात काढले. त्या वाया गेलेल्या वर्षाला मी देवाची योजना म्हणणार नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, त्यांच्या नातवंडांना आजही त्याची किंमत मोजावी लागते. हा माणसांचा अन्याय आहे. देव अन्याय घडवून आणत नाही, पण अन्यायातल्या माणसाला तो सोडूनही देत नाही.

ती मुलगी आज कॉलेजात आहे. सुट्टीत वस्तीवर आली की ती पालाबाहेर सतरंजी टाकते आणि शेजारपाजारच्या मुलांचे अर्ज भरून देते. कुठला कागद कुठे मिळतो, हे तिला आता माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिला कोणी हे सांगितले नव्हते. मी पाहिले आणि मला केडगाव आठवले.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, संकटातल्या माणसाला वचन सांगण्याआधी विचारा, "आत्ता काय हवंय?" कधी उत्तर प्रार्थना असेल, कधी रेशन, कधी फक्त सोबत.

दुसरी गोष्ट, आपल्यात निवृत्त शिक्षक, कारकून, मोडी वाचता येणारे कोणी असतील, तर त्यांनी आपले नाव आपल्या पाळकांमार्फत आम्हांला कळवावे. अनेक कुटुंबे अजून कागदासाठी अडली आहेत. भिंग घेऊन बसायची तयारी असली तरी पुष्कळ आहे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या संकटाविषयी. एकट्याने सोसणे म्हणजे विश्वास नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभूनेसुद्धा तीन शिष्यांना जवळ थांबून जागे राहायला सांगितले. मग आपल्याला कोणाला हाक मारायची लाज का वाटावी?

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही शब्दांत देऊ शकलेले नाही. परवा वस्तीवर गेले तेव्हा तिने चहा केला. गुऱ्हाळावर मजुरीला गेली होती, तिथून मिळालेल्या गुळाचा खडा तिने माझ्या बशीत ठेवला. आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता बसलो.

प्रार्थनेत या वस्तीची आठवण ठेवा.

आपली सेवेतील भगिनी