आवाज फाडणारा डबा

माझे मामा रेडिओ दुरुस्त करतात. यंदा त्यांनी एक नवीनच वस्तू बनवली. तिला फझ पेडल म्हणतात. गिटारची वायर या डब्यात येते आणि डब्यातून पुढे लाऊडस्पीकरच्या यंत्राकडे जाते. डब्याचं बटण पायाने दाबलं की गिटारचा आवाज फाटतो.

तुम्ही म्हणाल, चांगला आवाज फाडायचा कशाला? मीपण तेच विचारलं. मामांनी गोष्ट सांगितली. अमेरिकेत नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स यांच्या गाण्याचे रेकॉर्डिंग करताना यंत्र बिघडले आणि गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला. ते गाणे १९६१ साली आले आणि लोकांना आवडले. मग १९६२ साली मेस्ट्रो कंपनीने मुद्दाम तसा आवाज काढणारा डबा विकायला आणला.

आता तो कसा चालतो ते सांगतो. डब्यात नऊ व्होल्टची बॅटरी आणि जुन्या रेडिओतले दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत. ते आवाजाची लाट इतकी मोठी करतात की ती मावत नाही. मग तिचा शेंडा कापला जातो. आजी शिगोशीग भरलेल्या मापावरून हात फिरवते, तेव्हा शीग पडते आणि माप सपाट होतं. तसंच हे. सपाट झालेली लाट खरखरीत ऐकू येते.

रविवारी दुपारी तालुक्याच्या ऑर्केस्ट्रातले गिटारवाले दादा डबा तपासायला आले. आम्ही ओट्यावर बसलो. दादांनी आधी एक तार वाजवली. आवाज भुंग्यासारखा घुमला! मग चार तारा एकदम वाजवल्या, तर सगळा गोंधळ झाला. गिटारवरचं बटण फिरवून आवाज कमी केला, तर खरखरही कमी झाली. दादा खूश झाले.

पण अर्ध्या तासाने आवाज तुटायला लागला. मामांनी बॅटरी बदलली, सगळे टाके पाहिले. काही उपयोग नाही. दादांची एसटीची वेळ झाली होती. मामांचं तोंड उतरलं. वीस दिवस ते रात्री जागले होते.

मी डबा उचलायला गेलो तर हाताला चटका बसला. ऊन सरकून डब्यावर आलं होतं. मी म्हणालो, "मामा, डबा तापलाय!" मामांनी कपाळावर हात मारला. जर्मेनियम तापलं की त्यातून वीज गळते आणि आवाज बिघडतो. आम्ही डबा घरात माठाशेजारी गार फरशीवर ठेवला. थोड्या वेळाने भुंगा परत आला!

दादांनी एसटी सोडली, पण डबा नेला. ते म्हणाले, "जत्रेचा कार्यक्रम रात्री असतो, तेव्हा गारवा असतो."

डब्यावर मी खडूने लिहिलं आहे : उन्हात ठेवू नये.

पालकांना विनंती, जुना रेडिओ भंगारात देऊ नका. आधी माझ्या मामांना दाखवा.

— इयत्ता चौथी