ट्यूनर धडधाकट आहे, एरियल कुठे आहे?

धर्माबादेत कुणाच्या घरी जुन्या स्टिरिओच्या चळतीत, अँप्लिफायर आणि टेप-डेकच्या मधे, लांब काचेचा काट्यावाला ट्यूनर दिसला की पाहुणा हमखास म्हणतो, "आता एफएम डिजिटल झालं, हे भंगारात घाला." हे इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं उत्तर लेखीच दिलेलं बरं.

आपल्याकडे एफएम डिजिटल झालेलं नाही. ते झालं नॉर्वेत. तिथे 2017 साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून त्या डिजिटलवर नेल्या. आकाशवाणीने डीआरएम नावाची डिजिटल पद्धत आणली ती मुख्यतः मिडियम वेव्हवर. बंद पडलं तेही मिडियम वेव्हवरचंच: 1988 पासून नागपूरच्या 1000 किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी 2019 च्या सुरुवातीला थांबली. एफएमचं उलट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 खाजगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि त्या यादीत आपलं लातूर आहे, उदगीरही आहे. या वाहिन्या सुरू होतील तेव्हा 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या त्याच जुन्या पट्ट्यात लागतील.

"मग आमच्या ट्यूनरवर नुसती खरखर का? मोबाइलवर तर लागतं!" मोबाइलवर लागतं कारण इअरफोनची तारच तिथे एरियल होते. खिशातल्या रेडिओला ओढून लांब करायची दांडी असते. ट्यूनरच्या पाठीला मात्र फक्त दोन-चार स्क्रू असतात, आणि त्यांना आपण काहीही जोडलेलं नसतं. सोबत आलेली तार पहिल्या घरबदलातच हरवलेली असते. एरियलशिवाय ट्यूनर चालवायचा आणि वर तोच बिघडला म्हणायचं!

त्यात धर्माबादची जागा अवघड. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारशा वळत नाहीत. मनोरा 100 मीटर उंच आणि आपलं एरियल 10 मीटरवर धरलं, तर खात्रीची पोच साधारण 54 किलोमीटर भरते. नांदेड इथून सरळ रेषेत साठेक किलोमीटर, निजामाबाद पस्तीसच्या आसपास. म्हणून तेलुगू कार्यक्रम खणखणीत येतो आणि 101.1 वरचं नांदेड केंद्र धापा टाकत. यात ट्यूनरचा दोष नाही, भाषेचा तर नाहीच.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येकी 75 सेंटिमीटरच्या दोन तारा एका रेषेत, आडव्या, गच्चीवर जमेल तितक्या उंच बांधा. 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची, तिचा पाव हिस्सा म्हणजे ही लांबी. तारेचं टोक नव्हे, तिची आडवी बाजू नांदेडकडे, म्हणजे वायव्येकडे करा. मधल्या दोन टोकांपासून जोडतार ट्यूनरपर्यंत आणा. विजा चमकू लागल्या की ती काढून ठेवा. तरीही खरखर राहिली तर 'मोनो'चं बटण दाबा. स्टिरिओसाठी लागणारा डाव्या-उजव्यातला फरक 38 किलोहर्ट्झच्या उपवाहकावरून येतो आणि क्षीण सिग्नलमध्ये खरखर त्यातूनच शिरते. मोनोत तो भाग गळतो, आवाज लगेच स्वच्छ होतो. "स्टिरिओ विकत घेऊन मोनो ऐकू?" असं विचारणाऱ्याने खुशाल खरखर ऐकावी, दोन्ही कानांनी.

बाकीचे समज किरकोळ. ट्यूनरला स्पीकरची जागा नसते म्हणून तो मुका ठरत नाही. त्याची वायर अँप्लिफायरच्या 'ट्यूनर' किंवा 'ऑक्स'मध्ये घाला. 'फोनो'त घातलीत तर आवाज फाटणारच, ती जागा तबकडीच्या अशक्त सिग्नलसाठी आहे. रेडिओला लायसन लागतं हेही अजून ऐकू येतं. पोस्टात पैसे भरायचा तो प्रकार 1980 च्या दशकातच संपला. रात्री मिडियम वेव्हवर लांबची स्टेशनं लागतात ती 'रात्री हवा थंड असते' म्हणून नाही. दिवसा त्या लहरी शोषणारा वातावरणाचा वरचा थर सूर्यास्तानंतर विरतो. आणि त्याच वेळी घरघर ऐकू आली तर आधी घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करून बघा. राहिला 'आतले रंगीत स्क्रू थोडे फिरवले की सुधारतं' हा सल्ला: देणाऱ्याला चहा पाजा, पेचकस देऊ नका. ते कारखान्यात यंत्र लावून जुळवलेले असतात.

एक शंका मात्र खरी आहे. मुंबईच्या जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेला ट्यूनर जपानच्या देशी बाजारासाठी बनवलेला असू शकतो. त्याचा काटा 76 वर सुरू होऊन 90 वर संपतो, तर नांदेड 101.1 वर. कितीही मोठं एरियल लावलं तरी ते स्टेशन त्याच्यावर येणार नाही. शिवाय तो 100 व्होल्टचा असतो आणि आपल्या 230 व्होल्टला थेट लावला तर जळतो. तेव्हा पैसे देण्याआधी काचेवरचे आकडे वाचा, आणि मग यंत्र उलटं करून पाठीवरची पट्टीही.