समुद्रातला गोंगाट : तेल वाया, देवमासे हैराण

न्हावाशेवा बंदरात उतरणारा खजुराचा कंटेनर असो किंवा तेथून आखाताकडे निघालेला तयार कपड्यांचा, वाहतुकीचा हिशेब आपले व्यापारी भाडे, विमा, कस्टम आणि लागणारे दिवस अशा चार रकान्यांत मांडतात. पाचवा एक खर्च आहे, तो कोणत्याही बिलावर येत नाही. जहाज पाण्याखाली जो आवाज करते, त्याचा हा खर्च. आजवर तो समुद्रातल्या प्राण्यांनी भरला. आता मात्र काही बंदरांच्या दरपत्रकात त्याची नोंद होऊ लागली आहे. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

कानाने पाहणारे प्राणी

समुद्रात सुमारे २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश फारसा पोचत नाही. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि फार दूरवर जातो. देवमासे आणि डॉल्फिन हे नावाला मासे. प्रत्यक्षात ते पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत. डोळ्यांचे बरेचसे काम ते कानाकडून करून घेतात. डॉल्फिन टकटक असा बारीक आवाज सोडतो आणि तो भक्ष्यावर आदळून परत आला की त्यावरून त्याचा ठावठिकाणा ओळखतो. मोठे देवमासे खर्जातल्या सुरात एकमेकांना साद घालतात.

अडचण अशी की मोठ्या जहाजांचा आवाजही त्याच खर्जातला असतो. भर बाजारात शेजारी जनरेटर धडधडत असताना दोघांनी सौदा ठरवायचा म्हटले तर जे होईल, तेच या प्राण्यांचे होते. एक तर ओरडावे लागते, नाही तर बोलणेच सोडावे लागते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटापाशी १९६४-६६ मध्ये समुद्राचा आवाज मोजला गेला होता. २००३-०४ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा मोजला, तेव्हा खर्जातला आवाज १० ते १२ डेसिबलने वाढलेला आढळला. डेसिबलच्या हिशेबात १० ची वाढ म्हणजे आवाजाची शक्ती दहापट.

या गोंगाटाचा प्राण्यांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे एका दुःखद प्रसंगामुळे कळले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजांची ये-जा घटली आणि पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत तेथील राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतील ताणाच्या हार्मोनचे प्रमाणही कमी झालेले आढळले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजे थांबली तेव्हाच हे प्राणी एरवी किती ताणाखाली जगतात, ते समजले.

आवाज म्हणजे वाया गेलेले तेल

जहाजाचा बहुतेक आवाज येतो कोठून? प्रॉपेलर, म्हणजे जहाजाचा पंखा, जोरात फिरतो तेव्हा पात्यांच्या पाठीमागे पाण्याचा दाब इतका उतरतो की तेथे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे लगेच फुटतात आणि तोच मोठा आवाज होतो. ते फुटताना पात्याच्या धातूवर मार बसतो, खड्डे पडतात, आणि इंजिनाची जी ताकद जहाज पुढे नेण्यासाठी होती, तिचा काही भाग बुडबुडे करण्यातच जातो. म्हणजे मालकाचे तेल जाते, पंखा खराब होतो आणि देवमाशाचे कान किटतात. नुकसान तिहेरी, फायदा कोणाचाच नाही. आपल्या दीनने ज्याला इसराफ म्हटले आहे, तो हाच.

म्हणूनच उपाय खर्चाचाच असतो असे नाही. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीने आपल्या काही मोठ्या कंटेनर जहाजांचे पंखे आणि नाळेचा पाण्यातला फुगीर भाग बदलला. हेतू होता तेल वाचवण्याचा. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी नंतर मोजले, तेव्हा त्या जहाजांचा खर्जातला आवाजही सुमारे ६ डेसिबलने उतरल्याचे आढळले.

दुसरा उपाय वेगाचा. साधारण ठोकताळा असा की वेग १० टक्क्यांनी कमी केला तर इंजिनाचे रोजचे तेल सुमारे २७ टक्के वाचते. प्रवासाला जास्त वेळ लागतो, तो धरूनही तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के बचत होते. शिवाय बहुतेक मालवाहू जहाजांचा आवाजही उतरतो.

व्हँकूवरचे दरपत्रक

कॅनडाच्या व्हँकूवर बंदराजवळ ओर्का जातीच्या प्राण्यांचा एक कळप राहतो. त्यात आता जेमतेम पाऊणशे प्राणी उरले आहेत. ते सॅमन मासा आवाजाच्या आधाराने शोधतात आणि जहाजांच्या गोंगाटात त्यांची शिकार चुकते. २०१७ मध्ये या बंदराने कमी आवाज करणाऱ्या जहाजांना बंदर शुल्कात सूट देणे सुरू केले. उत्तम श्रेणीच्या जहाजांना तेव्हा ४७ टक्क्यांपर्यंत सूट होती. त्याच वर्षी हॅरो सामुद्रधुनीत जहाजांनी स्वेच्छेने ११ नॉट वेगाने जावे, असा प्रयोगही झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्या ऐच्छिक आहेत, सक्तीच्या नाहीत. तरी व्यापाऱ्याला सूट आणि दंड यांची भाषा लवकर कळते, हे व्हँकूवरने ओळखले.

'लुबान'चा प्रवास

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण आपला अरबी समुद्रही यात आहे. ओमानच्या किनाऱ्यावर हंपबॅक जातीचे देवमासे राहतात. इतर समुद्रांतले हंपबॅक ऋतूप्रमाणे थंड पाण्याकडे स्थलांतर करतात. हे वर्षभर येथेच राहतात. ओमानच्या पाण्यात त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ मध्ये तेथील एका मादीच्या अंगावर उपग्रहाने माग काढणारे यंत्र बसवले होते. तिचे नाव 'लुबान', म्हणजे आपण दुकानात जाळतो तो लोबान. ही लुबान अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला येऊन गेली. ज्या पाण्यातून आपल्या कोकणी खलाशांच्या पिढ्या मस्कत आणि एडनला गेल्या, त्याच पाण्यातून ती आली. आज त्या वाटेवर तेलवाहू आणि कंटेनर जहाजांची रीघ असते. कुरआन शरीफने पशुपक्ष्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती मानले आहे. शंभर जिवांची ही उम्मत आपल्या मालाच्या वाटेवर राहते, याचा विचार व्हायला हवा.

आपण काय करावे?

छोटा आयातदार जहाजाचा पंखा बदलू शकत नाही, हे खरे. जहाजे हळू चालली तर रमजानच्या बाजारासाठी मागवलेला माल उशिरा येईल, भांडवल अडकून पडेल, ही भीतीही रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ऑर्डर आठ-दहा दिवस आधी नोंदवणे. जहाजे कोठे मंद चालतात, कोणत्या कंपनीचे वेळापत्रक बदलले, हे आपल्या एजंटाला विचारून ठेवावे.

बोटींचे मालक आणि मिस्त्री यांच्या हातात याहून अधिक आहे. पात्यांवरचे शिंपले आणि शेवाळ वेळेवर खरवडणे, वाकलेले पाते सरळ करून पंख्याचा तोल साधणे, इंजिनाखालचे झिजलेले रबर बदलणे, या साध्या कामांनी डिझेल वाचते आणि आवाजही घटतो. डॉल्फिन दाखवायला पर्यटक नेणाऱ्यांनी कळपाच्या मागे इंजिन पिटाळू नये. डॉल्फिन आणि देवमासे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. आणि कळप निघून गेला तर धंदाही जातो.

पंखा घासणे, त्याचा तोल साधणे, ओतीव पाते दुरुस्त करणे हे कारागिराचे काम आहे. मुंबईच्या दारूखान्यापासून कोकणातल्या बंदरांपर्यंत आपल्या बिरादरीचे अनेक हात या कामात आहेत. शांत जहाजाला जसजशी किंमत येईल, तसतशी या हुनरचीही मागणी वाढेल. आपल्या तरुणांनी हे काम आजच नीट शिकून घेतले तर इन्शाअल्लाह त्यात हलाल रोजीही आहे आणि मुक्या म्हटल्या जाणाऱ्या जिवांची दुआही.