कचेरीचं टेबल आणि आपले हात

मंडळी, ग्रामपंचायतीची कचेरी घ्या, तलाठ्याची चावडी घ्या, नाहीतर शाळेतली हेडमास्तरांची खोली घ्या. सकाळी केरसुणी फिरली, टेबलावर फडकं मारलं, की आपण म्हणतो, झाली सफाई. धूळ गेली, हे खरं. पण रोगजंतू गेले का?

जंतू आपल्या पायांनी टेबलावर येत नाहीत, त्यांना आपणच हातांनी आणतो. बघा बरं, कारकून बोटाला थुंकी लावून वहीचं पान उलटतात. त्याच पानावर पुढचा माणूस अंगठा उठवतो आणि तोच हात नाकाडोळ्यांना लावतो. दाराची कडी, शिक्का, टेलिफोन, संगणकाची बटणं यांना तर दिवसभर सगळ्या गावाचे हात लागतात. फ्लूचे विषाणू अशा टणक, गुळगुळीत वस्तूंवर काही तास, कधी एक-दोन दिवसही टिकतात.

तुम्ही म्हणाल, नुसत्या हात धुण्यानं काय होणार? 1847 साली व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात डॉक्टर सेमेलवाइस यांनी सर्व डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. रोगाचं कारण जंतू, हे तेव्हा सिद्धही झालं नव्हतं!

आपल्याला एवढंच करायचं आहे. मोरीवर साबण ठेवावा आणि जेवणाआधी, शौचानंतर वीस सेकंद हात चोळून धुवावेत. पानं उलटायला ओल्या स्पंजची डबी ठेवावी. स्पंज मात्र रोज धुवावा. माठावर झाकण आणि पाणी काढायला ओगराळं असावं. उष्टा पेला आत बुडवू नये. टेबल आधी साबणाच्या पाण्यानं पुसावं, मग जंतुनाशकानं. मळावर जंतुनाशक नीट लागू पडत नाही. आणि एक सांभाळा : ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

क्षयाची गोष्ट मात्र निराळी. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली जगापुढे आणला. तो टेबलावरून नव्हे, तर रोग्याच्या खोकल्यातून हवेत पसरतो. तिथं फडकं कामाचं नाही. तिथं वारा हवा. खिडकीशी दप्तराचे गठ्ठे रचले असतील, तर ते आजच हलवा. खोकताना तोंडावर रुमाल धरा. दोन आठवडे खोकला हटला नाही, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या.

गुरुजी, मुलांना हे सांगाल तेव्हा आधी स्वतः हात धुऊन दाखवा. मुलं ऐकतात कमी, बघतात जास्त.

आणि मंडळी, कचेरीतून घरी गेलात की लेकरू धावत येईल. त्याला उचलण्याआधी मोरीवर जा. कचेरीतलं दुखणं त्याच्यापर्यंत न्यायचं की नाही, हे त्या घटकेला तुमच्याच हातात असतं.