भाग न लावता

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

ही एकच संख्या आहे, ३९ अंकी! १२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा, त्यातून १ वजा करा, की ही हजर. आणि ती मूळ आहे: १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंही निःशेष भाग जात नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं हे १८७६ साली दाखवलं. तेही हातानं आकडेमोड करून!

कसं बुवा? शाळेतली रीत म्हणते, वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहा. पण इथे वर्गमूळच २० अंकी. सेकंदाला एक अब्ज भागाकार उरकणारं यंत्र आणलं, तरी चारशे वर्षं लागतील.

ल्युकानं ती वाटच सोडली आणि भाग न लावता मूळ संख्या ओळखणारी कसोटी काढली. १९३० मध्ये डी. एच. लेमर यांनी त्याची कसोटी आणखी सुटसुटीत केली. करून बघू या? ३१ घ्या, म्हणजे २ चा ५ वा घात उणे १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ नं भागून बाकी ठेवा. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य!

घात विषम मूळ संख्या हवा, आणि फेऱ्या घातापेक्षा दोन कमी. अखेरीस शून्य आलं तर संख्या मूळ, एरवी नाही. ११ व्या घाताच्या २०४७ ला नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतात. नापास! खरंच, २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. आपल्या ३९ अंकी संख्येला फेऱ्या किती? फक्त १२५.

बाकी काढणंही किती सोपं, पाहा. १९४ मध्ये ३२ सहा वेळा बसतात, वर २ उरतात. प्रत्येक ३२ मधून ३१ गेले की १ उरतो. म्हणून ६ अधिक २, बाकी ८. भागाकाराची नुसती बेरीज झाली!

आता खरी गंमत. ६७ व्या घाताची अशीच संख्या मर्सेन या फ्रेंच गणितज्ञानं १६४४ मध्ये मूळ म्हणून सांगितली होती. ल्युकानं १८७६ मध्ये ती नापास ठरवली, पण तिचा एकही अवयव त्याच्या हाती नव्हता. घरात चोर शिरलाय हे पक्कं, पण तो कोण याचा पत्ता नाही! अवयव सापडले १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांना: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कुळातली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या मिळाली. तिच्यावर शिक्कामोर्तब केलं ते ल्युका-लेमर कसोटीनंच. इतक्या अवाढव्य संख्येला मूळ ठरवता येतं. पण दोन मोठ्या मूळ संख्यांचा, अवघा सहाशे अंकी, गुणाकार समोर ठेवा आणि त्या दोन ओळखायला सांगा. आजचे महासंगणकही हात टेकतात. संगणकांमधल्या गुप्त संदेशांना लागणारं आरएसए नावाचं कुलूप याच अडचणीवर उभं आहे.