रेशमाच्या पेठेतून मोटारीच्या दालनात : हायब्रिड गाडीची किंमत, सूट आणि कर्ज

तमिळनाडूत कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागले की सहा-आठ किलोमीटरांवर तिरुभुवनम् लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने उभारलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि रेशमी साड्यांचे माग या दोन गोष्टींसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. येथील विणकर बहुतांशी सौराष्ट्र समाजाचे. त्यांच्या घरगुती बोलीत मराठी कानाला ओळखीचे वाटणारे शब्द अधूनमधून येतात. आणि हा मुलूख १७९९ पर्यंत सुमारे सव्वाशे वर्षे तंजावरच्या मराठी राजांच्या अमलाखाली असल्याने मराठी वाचकाला तो तसा परका नाही.

अशा गावात मोटारीच्या खरेदीचा विषय काढण्याचे कारण एवढेच, की किंमत, सूट आणि उधारी या तिन्हींचा संबंध तिरुभुवनम्‌च्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानात साडीला चिठ्ठी लावलेली असते. त्या किमतीत घासाघीस नाही. सरकारमान्य सूट असेल तेवढी वजा होते आणि ती पावतीवर लिहिली जाते. सूट संस्था देते, पण तिचा भार उचलणारे सरकार असते. आणि सरकारकडून ती रक्कम येईपर्यंत संस्थेचे खेळते भांडवल अडकून राहते. खासगी पेढीवर मात्र चिठ्ठीवरचा आकडा ही बोलण्याची सुरुवात असते. तेथे व्यापारी सूट देतो ती आपल्या नफ्यातून, किंवा आधी किंमत चढवून. म्हणजे सूट किती, हा प्रश्न दुसरा. सूट कोणाच्या खिशातून, हा पहिला. मोटारीच्या दालनात शिरताना नेमका हाच प्रश्न बहुतेक ग्राहक विसरतात.

सूट कोणाची?

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांच्या जोडीवर चालणारी गाडी. साध्या, ज्यांना ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात त्या गाड्यांची बॅटरी चालता चालता आपोआप भरते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी मोठी असते व ती घरच्या जोडणीवर भरता येते. त्यामुळे काही अंतर पेट्रोलचा थेंबही न जाळता कापता येते. भारतात प्लग-इन गाड्या आजवर मुख्यतः अतिमहागड्या वर्गातच आल्या. सर्वसाधारण ग्राहकाच्या आवाक्यात आलेल्या हायब्रिड गाड्या २०२२ पासूनच्या, त्या स्ट्राँग हायब्रिड. खरेदीचे गणित मात्र दोन्हींना सारखेच लागू पडते.

या गाड्यांना सरकारी अनुदान मिळते, अशी समजूत अद्याप टिकून आहे. तिला आधार होता. १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेत हायब्रिड गाड्यांना प्रोत्साहन होते. मात्र एप्रिल २०१७ पासून सौम्य हायब्रिड त्यातून वगळण्यात आल्या. एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या दुसऱ्या टप्प्यात चारचाकींसाठीचे साहाय्य मुख्यत्वे व्यावसायिक वापराच्या वाहनांसाठी ठेवले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत खासगी मोटारींना स्थान मिळाले नाही. आयकराच्या कलम ८० ईईबीखाली कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत वजावट होती, ती केवळ संपूर्णपणे विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी आणि ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी. तेव्हा विक्रेता ‘सरकारी सवलत’ असा शब्द वापरील, तर ग्राहकाने योजनेचे नाव व आदेश कागदावर मागावा.

वस्तू व सेवा कराची कथा याहून बोधक आहे. जुलै २०१७ पासून मोठ्या हायब्रिड मोटारींवर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर असा ४३ टक्के भार होता. विजेच्या गाड्यांवरील कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत चार मीटरपेक्षा लांब किंवा १२०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या हायब्रिड गाड्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेल्या. त्याहून लहान १८ टक्क्यांत आल्या. दर तीन टक्क्यांनी उतरला हे खरे, परंतु तशाच आकाराच्या साध्या पेट्रोल गाड्याही पूर्वीच्या चढ्या दरांवरून त्याच ४० टक्क्यांवर आल्या. हायब्रिडला साध्या गाडीपेक्षा जो थोडा करलाभ होता, तो संपला.

राज्याचा वाहनकर हा दुसरा मोठा भाग. तमिळनाडूत नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे दहा ते वीस लाखांच्या मोटारीवर १८ टक्के आणि वीस लाखांवरील मोटारीवर २० टक्के आजीव कर आहे. महाराष्ट्रात याच टप्प्यांतील खासगी पेट्रोल मोटारींसाठी १२ व १३ टक्के दर आहेत. करासाठी धरलेली किंमत १९ लाख ९० हजार असेल तर तमिळनाडूत कर ३,५८,२०० रुपये होतो. तीच २० लाख ४० हजार असेल तर ४,०८,००० रुपये. गाडीच्या किमतीतील पन्नास हजारांच्या फरकाचा प्रत्यक्ष भार असा लाखाच्या घरात जातो. काचेचे छप्पर किंवा मोठा पडदा असलेला वरचा प्रकार निवडताना ही पायरी पाहणे इष्ट. शेजारच्या राज्यात नोंदणी करून कर वाचवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण वाहनाची नोंदणी राहत्या वा व्यवसायाच्या ठिकाणी करावी असा कायदा आहे, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास नवी नोंदणी क्रमप्राप्त होते.

कर, नोंदणी आणि तृतीय पक्ष विम्याचा हप्ता यांत घासाघिशीला वाव नाही. वाव आहे तो कंपनीने वितरकाला दिलेल्या सवलतीत, वितरकाच्या स्वतःच्या नफ्यात, जुन्या गाडीच्या बदल्यात मिळणाऱ्या रकमेत, जोडसामानात, आणि विमा व कर्ज मिळवून दिल्याबद्दल वितरकाला मिळणाऱ्या मोबदल्यात. ‘हाताळणी शुल्क’ नावाचा आकडा कोटेशनमध्ये दिसल्यास तो सरळ वगळण्यास सांगावे. विमा वितरकाकडूनच घेतला पाहिजे असेही नाही. २०१७ मधील विमा नियामकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तशी सक्ती करता येत नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा २०१८ पासून अनिवार्य आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मात्र दोन-तीन कंपन्यांकडे विचारून पाहावेत. हायब्रिडच्या बॅटरीला पाण्याने होणारे नुकसान कोणत्या जोडविम्यात येते, हे कावेरीच्या खोऱ्यात राहणाऱ्याने तर अवश्य विचारावे.

सूट कोणत्या रूपात मिळते, यालाही महत्त्व आहे. बिलातच वजा केलेल्या सुटीवर वस्तू व सेवा कर लागत नाही. नंतर धनादेशाने परत मिळणाऱ्या रकमेच्या बाबतीत कर आधीच पूर्ण किमतीवर भरलेला असतो. पन्नास हजारांचे ‘मोफत’ जोडसामान हे बहुधा विक्रेत्याला पन्नास हजारांना पडलेले नसते. तेवढीच रोख सूट मागून पाहिली की त्याची खरी किंमत कळते.

वेळ साधण्याची कला तमिळनाडूत आगळी आहे. आडी महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, नव्या खरेदीला शुभ मानला जात नाही. म्हणून कापडपेठेत आडीची सूट सुरू झाली आणि इतर व्यापारांतही पसरली. मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत येतो. तेव्हाही लोक नवी गाडी घरी आणत नाहीत. नेमक्या त्याच वेळी वितरकाला सरत्या वर्षात तयार झालेल्या गाड्या संपवायच्या असतात. महाराष्ट्रात पितृपक्षात असाच शुकशुकाट असतो. सौदा मार्गळीत ठरवून गाडी तै महिन्यात, पोंगल झाल्यावर, ताब्यात घेण्याची तोड काढता येते. मात्र गाडीचा निर्मितीमहिना पाहून घ्यावा, कारण पुढे विकताना ती एक वर्षाने जुनी धरली जाते.

कर्जाचा दर आणि कर्जाची किंमत

समजा, वीस लाखांच्या गाडीसाठी पंधरा लाखांचे कर्ज घ्यायचे आहे. एक संस्था ‘केवळ साडेपाच टक्के’ दर सांगते, बँक नऊ टक्के सांगते. पहिला दर सरसकट पद्धतीचा असेल, म्हणजे पाच वर्षे पूर्ण मूळ रकमेवरच व्याज लावले जात असेल, तर व्याज ४,१२,५०० रुपये होऊन मासिक हप्ता ३१,८७५ रुपये पडतो. नऊ टक्के घटत्या शिलकेवर असतील तर हप्ता सुमारे ३१,१३८ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ३,६८,००० रुपये. साडेपाच टक्के सरसकट दर हा घटत्या शिलकेच्या हिशेबात जवळजवळ दहा टक्के आहे. तिरुभुवनम्‌सारख्या पेठेत दिवसाच्या वा आठवड्याच्या हिशेबाने व्याज मोजणारी माणसे कमी नाहीत. तीही दालनातील छापील तक्त्यासमोर फसतात, कारण तक्त्यात फक्त दर आणि हप्ता असतो.

हप्ता खाली आणण्याचा सोपा उपाय म्हणून मुदत वाढवली जाते. तेच कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २४,१३४ रुपयांवर येतो. दरमहा सात हजार वाचल्यासारखे वाटतात, पण एकूण व्याज सुमारे ५,२७,००० रुपयांवर जाते. ज्याचे उत्पन्न लग्नसराईवर हेलकावे खाते अशा व्यापाऱ्याला लहान हप्ता सोयीचा असू शकतो, हे नाकारता येत नाही. त्याने मग चांगल्या हंगामात मुदतीपूर्वी रक्कम भरण्याची मुभा आणि त्यावरील आकार आधीच पाहावा. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या, व्यवसायासाठी नसलेल्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बंद केला. स्थिर दराच्या वाहनकर्जावर तो असू शकतो.

कंपनीच्या वित्तसंस्थेकडून कमी व्याज किंवा रोख सूट, असा पर्याय पुष्कळदा पुढे येतो. समजा, आठ टक्के व्याज आणि सूट नाही, अथवा साठ हजारांची सूट आणि बँकेचे नऊ टक्के. पहिल्यात पंधरा लाखांवर पाच वर्षांचा हप्ता सुमारे ३०,४१५ रुपये. दुसऱ्यात कर्ज १४ लाख ४० हजारांवर येते आणि हप्ता सुमारे २९,८९२ रुपये. येथे वरचा दरच स्वस्त ठरतो. सूट तीस हजारांची असती तर निकाल उलट लागला असता. म्हणून गाडीचा भाव ठरेपर्यंत कर्जाचा विषय काढू नये, आणि दालनात जाण्यापूर्वी बँकेची मंजुरी हाती असावी, हे बरे. विक्रेत्याने ‘महिन्याला किती परवडेल?’ असे विचारले की किंमत, मुदत आणि व्याज ही तिन्ही एकाच आकड्याआड जातात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांनी मुख्य तथ्यांचे विवरण देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व आकार धरून काढलेला वार्षिक दर असतो. दोन कर्जांची तुलना या एका ओळीवर करता येते. तिरुभुवनम्‌चा देव कंपहरेश्वर, कंप दूर करणारा. पण सही करण्यापूर्वी ती ओळ वाचण्याचे काम तो भक्तांवरच सोपवीत असावा.

दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का कर उगमस्थानी गोळा करतो. वीस लाखांवर ते वीस हजार रुपये झाले. हा खर्च नव्हे, आयकर विवरणात वळता करून घेता येणारा भरणा आहे, आणि पुष्कळ ग्राहक तो विसरतात. गाडी व्यवसायासाठी वापरल्यास पंधरा टक्के घसारा व कर्जाचे व्याज खर्चात धरता येते. मात्र साध्या मोटारीवरील वस्तू व सेवा कराचा परतावा सामान्यतः मिळत नाही.

इंधनाची बचत

साधी गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते, वर्षाचा प्रवास १५,००० किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर असे धरले, तर वर्षाला सुमारे ३१,८०० रुपये वाचतात. हायब्रिडसाठी अडीच लाख अधिक मोजले असतील तर ते भरून निघायला जवळजवळ आठ वर्षे लागतात, व्याज न धरता. काही कंपन्यांची बॅटरीची हमीही आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत आहे. ती हमी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे लेखी घ्यावे. जुन्या बाजारातील किंमत त्यावर अवलंबून राहते.

प्लग-इन गाडीचा हिशेब प्रवासाच्या स्वरूपावर फिरतो. रोज कुंभकोणम्‌पर्यंत जाऊन येणारा आणि महिन्यातून एकदा चेन्नईला जाणारा तिरुभुवनम्‌चा व्यापारी हा तिचा आदर्श ग्राहक म्हणावा : रोजचे अंतर विजेवर, लांबचे पेट्रोलवर. परंतु रोज रात्री ती जोडणीला लावली नाही, तर जड बॅटरी वाहणारी महाग पेट्रोल गाडी एवढीच ती उरते. तमिळनाडूत घरगुती बिल दोन महिन्यांचे येते आणि २०१६ पासून पहिल्या १०० युनिटांना शुल्क न लावण्याची पद्धत आली. पण गाडीची युनिटे घरखर्चाच्या वर चढतात, तेव्हा त्यांचा दर सर्वांत वरच्या टप्प्याचा धरून हिशेब करावा.

कर्ज फिटल्यावरही एक काम उरते. गाडीच्या नोंदणीत बँकेचा तारणाधिकार नमूद असतो. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून ना-हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात ती नोंद काढून घ्यावी लागते, आणि विमापत्रातील बँकेचे नावही कमी करावे लागते. ना-हरकत पत्राला साधारणतः ठरावीक मुदत असते. ती उलटल्यास पत्र नव्याने मागावे लागते.